फॉक्स न्यूजने ७८ कोटी डॉलर का भरले? अमेरिकेत मीडिया आणि लोकांचं मत, जरा सोपं करून

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज चॅनेलने डोमिनियन नावाच्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. डोमिनियन मतदानाची यंत्रं बनवते, आणि २०२०च्या निवडणुकीनंतर फॉक्सवर आठवडेच्या आठवडे पाहुणे येऊन सांगत होते की या यंत्रांनी ट्रम्पची मतं बायडेनकडे वळवली. ज्युरी बसली होती, वकिलांची भाषणं सुरू व्हायची होती आणि त्याच दिवशी समझोता झाला. त्यानंतर २०२५ मध्ये सीबीएस चॅनेलची मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्प यांच्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलर देऊन सुटका करून घेतली, सप्टेंबरमध्ये विनोदवीर जिमी किमेलचा टीव्ही शो काही दिवस बंद झाला, आणि दर वेळी आपल्याकडे तीच चर्चा, की तिकडे चाललंय काय. ज्यांची मुलं, भाचे, पुतणे न्यू जर्सीत किंवा बे एरियात आहेत त्यांना तर हे जास्तच खटकतं. एवढा शिकलेला, पैसेवाला देश, आणि अर्ध्या लोकांना एक अमेरिका दिसते, उरलेल्या अर्ध्यांना दुसरीच!

याचं झटपट उत्तर म्हणजे "मीडिया लोकांना उल्लू बनवतो". मला ते अर्धंच उत्तर वाटतं. फॉक्सच्या खटल्यात जी कागदपत्रं बाहेर आली ती नीट वाचली की उरलेलं अर्धं कळतं आणि ते जास्त काळजीचं आहे. पण तिथे जायच्या आधी थोडं मागे जाऊया.

मत घडवतात म्हणजे नक्की काय करतात?

आपल्याला वाटतं टीव्हीवाला म्हणतो "याला मत द्या" आणि लोक देतात. असं फार क्वचित होतं. १९६८च्या निवडणुकीच्या वेळी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावात मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन प्राध्यापकांनी १०० मतदारांना विचारलं, ज्यांचं मत अजून ठरलं नव्हतं अशांना, की तुमच्या मते देशापुढचे मोठे प्रश्न कोणते. आणि मग त्याच दिवसांतली वर्तमानपत्रं आणि टीव्ही बातम्या मोजल्या. दोन्ही याद्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या. याला अजेंडा सेटिंग म्हणतात, म्हणजे कशाबद्दल विचार करायचा ते मीडिया ठरवतो, काय विचार करायचा ते तेवढं नाही. पंगतीत वाढपी तुम्हाला अमुकच खा असं सांगत नाही, पण पानात काय पडणार आणि किती वेळा पडणार हे त्याच्याच हातात असतं ना, तसंच हे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इराकचं. ऑगस्ट २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने पोल घेतला तेव्हा ६९ टक्के लोक म्हणाले की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दाम हुसेनचा हात असण्याची शक्यता आहे. हात नव्हता. पुढच्याच महिन्यात स्वतः बुश यांनी सांगितलं की तसा काही पुरावा नाही. पण वर्षभर टीव्हीवर, भाषणांत, सद्दाम, दहशतवाद, ११ सप्टेंबर हे शब्द एकाच दमात यायचे आणि लोकांच्या डोक्यात त्यांचा जोड आपोआप बसला. त्या जोडाच्या भरवशावर युद्ध झालं आणि त्यात किती माणसं गेली हे आपण बघितलं. म्हणून हा विषय मला नुसता अभ्यासाचा वाटत नाही.

पूर्वी तीन चॅनेल होती, मग काय बदललं?

टीव्ही घरोघरी पोचला तेव्हापासून ऐंशीच्या दशकापर्यंत अमेरिकेत टीव्ही म्हणजे एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. संध्याकाळी सगळा देश साधारण त्याच बातम्या बघायचा. यांच्यावर एक सरकारी नियम होता, फेअरनेस डॉक्ट्रिन. १९४९ मध्ये एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीला लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेने, तो आणला. नियमाचं म्हणणं दोन ओळींचं होतं, वादाच्या सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्या आणि देताना दुसरी बाजूही येऊ द्या. हवेतल्या लहरी मर्यादित, त्या जनतेच्या मालकीच्या, तुम्हाला फक्त वापरायला दिल्यात, म्हणून ही अट. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा नियम योग्य ठरवला.

त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायची मात्र गरज नाही. तीन चॅनेलच्या मोजक्या संपादकांना जे महत्त्वाचं वाटेल तेवढंच देशाला दिसायचं. आणि तेव्हाही मीडिया लोकांच्या पुढे चालायचा असं नाही. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये टीव्हीवर सांगितलं की व्हिएतनामचं युद्ध अडकून पडलंय, आणि तेव्हापासून सांगितलं जातं की त्या एका कार्यक्रमाने अमेरिकेचं मत फिरलं. पण गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पोलमध्ये १९६७च्या शेवटी शेवटीच, सैन्य पाठवणं चूक होती म्हणणारे लोक, चूक नव्हती म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त झाले होते. म्हणजे लोक आधी वळले, अँकर नंतर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८७ मध्ये रेगन यांच्या काळातल्या एफसीसीने हा नियम रद्द केला. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याचा कायदाच करायचा प्रयत्न केला होता, तो रेगन यांनी व्हेटो केला. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, सॅक्रामेंटोच्या लोकल रेडिओवर बोलणारे उजव्या विचारांचे रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागले. रोज तीन तास, एकच बाजू, समोर कोणी उत्तर द्यायला नाही. हे पसरलं कसं तेही बघण्यासारखं आहे, कारण त्यात राजकारणाइतकाच धंदा होता. गाणी एफएमवर गेल्यामुळे एएम स्टेशनं रिकामी पडायला लागली होती, त्यांना काहीतरी स्वस्त हवं होतं, आणि लिंबॉंचा कार्यक्रम सुरुवातीला जवळपास फुकट मिळायचा, बदल्यात त्यातला जाहिरातींचा काही वेळ कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीचा. १९९४ला रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी हाउस, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, जिंकलं तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉंना मानद सदस्य करून टाकलं!

मग ७ ऑक्टोबर १९९६ला फॉक्स न्यूज आलं. चालवणारे रॉजर एल्स, ज्यांनी १९६८ला निक्सनना टीव्हीवर कसं दाखवायचं हे काम केलं होतं. पैसा रुपर्ट मरडॉकचा.

इथे केबलचं गणित समजून घ्या नाहीतर पुढचं कळत नाही. केबल चॅनेलला जाहिरातींशिवाय प्रत्येक केबल ग्राहकामागे दरमहा ठरावीक पैसे मिळतात, तो ग्राहक ते चॅनेल बघो वा न बघो. केबल कंपनी हे पैसे का देते, तर चॅनेल काढलं तर चिडून फोन करणारे लोक आहेत म्हणून. त्यामुळे सगळा देश खूश ठेवायची गरजच नाही, थोडेच लोक हवेत पण जीव तोडून प्रेम करणारे. २०२० हे फॉक्सचं जबरदस्त वर्ष, तेव्हाही रात्रीच्या मुख्य वेळेत सरासरी ३५-३६ लाख प्रेक्षक. ३३ कोटींच्या देशात हे किती कमी आहेत बघा, आणि तरी त्यावर अख्खं राजकारण हलतं.

"पण टीव्ही बघून कोणी मत बदलतं का? लोक आधीच ठरवून बसलेले असतात"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. रिपब्लिकन माणूस फॉक्स बघतो, मग फॉक्समुळे तो रिपब्लिकन झाला असं कसं म्हणायचं? याचं उत्तर दोन अभ्यासांतून मिळतं.

पहिला स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांचा. फॉक्स सुरू झालं तेव्हा ते सगळ्या गावांत एकदम पोचलं नाही, काही केबल कंपन्यांनी घेतलं, शेजारच्या गावातल्या कंपनीने नाही घेतलं. म्हणजे एकासारख्या एक गावांपैकी काहींत फॉक्स, काहींत नाही, अशी आयती तुलना मिळाली. १९९६ ते २००० मध्ये फॉक्स आलेल्या गावांत रिपब्लिकन मतं साधारण ०.४ ते ०.७ टक्क्यांनी जास्त वाढली. एवढंच? हो एवढंच. पण २००० साली फ्लोरिडा, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपद, ५३७ मतांनी ठरलं.

दुसरा मला फार आवडतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांपैकी साधारण ३०० जणांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. खरंच बघितलं का, यासाठी मधून मधून प्रश्नही विचारले. ही माणसं पक्की रिपब्लिकन, आपण म्हणू यांचं काय बदलणार. पण बदललं! कोविड किती गंभीर आहे, पोस्टाने मतदान कितपत सुरक्षित आहे, अशा गोष्टींवर त्यांची उत्तरं सरकली. आणखी महत्त्वाचं म्हणजे त्यांना जाणवलं की ट्रम्प यांनी काही चूक केली तर आपलं चॅनेल ती दाखवणार नाही. चॅनेल खोटं बोलतं यापेक्षा चॅनेल अर्धं दाखवतच नाही हे त्यांना कळलं, आणि सीएनएनही दुसरं अर्धं दाखवत नाही असंच त्या अभ्यासात दिसलं. पैसे बंद झाले, लोक परत फॉक्सवर गेले आणि दोनेक महिन्यांत परिणाम बहुतेक पुसला गेला.

म्हणजे ठरवून बसलेली माणसंही दगड नसतात. पण एकदाचं समजावून भागत नाही, रोज जे पानात पडतं तेच अंगी लागतं.

मग लगाम कोणाच्या हातात आहे?

आता फॉक्सचा खटला. अमेरिकेत मीडियावर बदनामीचा खटला जिंकणं महाकठीण. १९६४च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या निकालापासून तिथल्या सार्वजनिक व्यक्तींना सिद्ध करावं लागतं की छापणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत होतं, किंवा खरं-खोटं याची त्याला पर्वाच नव्हती. चुकून खोटं छापलं तर चालतं. त्यामुळे डोमिनियनच्या वकिलांना फॉक्सच्या लोकांच्या डोक्यात काय होतं ते दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी मेसेज, ईमेल सगळं कोर्टामार्फत मागवलं.

त्यातून दिसलेला घटनाक्रम असा. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री फॉक्सच्याच निकाल टीमने सगळ्यांच्या आधी सांगितलं की ॲरिझोना बायडेन जिंकणार. पुढे ते बरोबरच ठरलं. पण ट्रम्पसमर्थक प्रेक्षक संतापले, दगाफटका झाला म्हणाले, आणि न्यूजमॅक्स नावाच्या छोट्या चॅनेलकडे जायला लागले, जिथे निवडणूक चोरली हे बिनधास्त सांगत होते. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी एका तासासाठी, जाहिरातदारांना हव्या असलेल्या २५ ते ५४ वयाच्या गटात, न्यूजमॅक्स फॉक्सच्या पुढेही गेलं. फॉक्समध्ये घबराट. मोठे अँकर आपसात लिहितायत की हे चोरीचे आरोप वेडेपणाचे आहेत, सिडनी पॉवेल ही वकीलबाई खोटं बोलते, आणि त्याच चॅनेलवर ती पाहुणी म्हणून येते. फॉक्सच्याच एका रिपोर्टरने ट्रम्प यांच्या ट्वीटमधला डोमिनियनबद्दलचा दावा खरा नाही असं ट्विटरवर लिहिलं तर फॉक्सचाच अँकर टकर कार्लसनचा मेसेज, की हिला काढायला लावा, कंपनीचं नुकसान होतंय, शेअर खाली आलाय. मरडॉकना नंतर शपथेवर विचारलं की तुम्ही अशा पाहुण्यांना थांबवू शकला असता का, तर ते म्हणाले थांबवू शकलो असतो, पण थांबवलं नाही. ॲरिझोनाचा बरोबर अंदाज सांगणाऱ्या टीममधले ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी मात्र जानेवारी २०२१ मध्ये गेली, कंपनीने कारण दिलं फेररचनेचं.

हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. सत्य माहीत असलेली, कोट्यवधी डॉलर कमावणारी माणसं आपल्याच प्रेक्षकांना घाबरून गप्प बसली. चोवीस वर्षं एका बाजूचंच वाढून वाढून जो प्रेक्षक तयार केला तोच आता दुसरं काही वाढलं की पान सारून उठून जातो, आणि उठून गेला की धंदा बसतो. मीडिया मत घडवतो हे खरं, पण घडलेलं मत मग मीडियाला घडवतं, आणि या चक्राला ब्रेक लावणारा कोणी आत उरत नाही. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, चढलेल्या लोकांपैकी कितीतरी जणांना मनापासून वाटत होतं की आपण देश वाचवतोय.

"हे काय फक्त उजव्या बाजूला आहे का?"

नाही. पैशाचं गणित सगळ्यांना सारखंच आहे. २०१६ला ट्रम्प यांच्या सभा सीएनएनसारखी चॅनेल न कापता पूर्ण दाखवायची, कधी कधी तर ते यायच्या आधीचा रिकामा माईक दाखवत बसायची, कारण रेटिंग मिळायचं. सीबीएसचे प्रमुख लेस मूनव्हेस त्या फेब्रुवारीत उघड म्हणाले होते की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेलही पण सीबीएससाठी फार चांगलं आहे. डाव्या बाजूच्या एमएसएनबीसीने स्टील डॉसियेवर, म्हणजे ट्रम्प आणि रशिया यांच्या कथित संबंधांच्या अहवालावर, तासन्‌तास घालवले, त्यातलं पुष्कळ पुढे टिकलं नाही, आणि वॉशिंग्टन पोस्टला २०२१ मध्ये आपल्या जुन्या बातम्यांतले भाग काढावे लागले.

पण दोन्हीकडे सगळं सारखंच असं म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. फॉक्सच्या बाबतीत न्यायाधीशांनी खटल्याच्या आधीच लिहून दिलं होतं की डोमिनियनबद्दलचं एकही विधान खरं नाही हे स्पष्ट आहे, आणि ज्यांनी ते चालवलं त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता हे त्यांच्या मेसेजमधून दिसतं. चूक करून दुरुस्त करणं आणि खोटं कळूनही चालू ठेवणं यात फरक करायलाच हवा.

या सगळ्याचा एकत्र परिणाम गॅलपच्या आकड्यात दिसतो. १९७६ला ७२ टक्के अमेरिकन म्हणायचे की मीडियावर बऱ्यापैकी विश्वास आहे. २०२५ मध्ये २८ टक्के. रिपब्लिकनांमध्ये तर ८.

"मग तो जुना नियम परत आणा ना"

हे सुचतं खरं, पण दोन अडचणी आहेत. एक, फेअरनेस डॉक्ट्रिन फक्त हवेतून दिसणाऱ्या, लायसन्सवाल्या चॅनेलना होतं. फॉक्स न्यूज, सीएनएन, एमएसएनबीसी (नोव्हेंबर २०२५ पासून नाव एमएस नाऊ) सगळी केबलवर, यूट्यूब आणि पॉडकास्ट तर कुठेच नाहीत. म्हणजे नियम परत आणला तरी ज्यांच्यासाठी आणायचा ते त्यात येतच नाहीत.

दुसरी अडचण मोठी. सरकारच्या हातात छडी दिली की ती कोणावर पडेल सांगता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल टीव्हीवर उजव्या बाजूचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येवरून काहीतरी बोलले, त्यावर एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका पॉडकास्टवर जाहीर इशारा दिला. नेक्स्टार आणि सिंक्लेअर या स्थानिक स्टेशनांच्या मालक कंपन्यांनी शो दाखवणार नाही म्हटलं आणि एबीसीने शो थांबवला. लोकांनी इतका आवाज केला की आठवड्याच्या आत तो परत आला. किमेल आवडोत न आवडोत, लायसन्स देणाऱ्याने विनोदावरून धमकी देणं धोक्याचंच आहे, आणि उद्या दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं तरी ते तेवढंच धोक्याचं राहील.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात. अल्गोरिदमने भांडणं लावली असं सगळे म्हणतात. पण २०२०च्या निवडणुकीच्या वेळी फेसबुक-इन्स्टाग्रामवर मोठे प्रयोग झाले, काहींना तीन महिने अल्गोरिदम काढून फक्त वेळेप्रमाणे पोस्ट दाखवल्या, २०२३ मध्ये निष्कर्ष आले, आणि लोकांची राजकीय मतं फारशी हलली नव्हती. याचा अर्थ परिणामच नाही असा नाही, कारण तीन महिने म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत, पण एक बटण दाबून सगळं ठीक होईल ही आशा सोडावी लागते.

ज्याची बातमी होत नाही ते

सगळ्यात मोठं नुकसान टीव्हीवर दिसतच नाही. २००५ मध्ये अमेरिकेत ८,९०० च्या आसपास वर्तमानपत्रं होती, बहुतेक साप्ताहिकं, छोट्या गावांची. त्यातली एक तृतीयांशाहून जास्त बंद झाली. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि बरीच पत्रं विकत घेणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांनी माणसं काढून काढून ती पोकळ केली. आता शाळेच्या बोर्डाने काय ठरवलं, नगरपालिकेने कंत्राट कोणाला दिलं, हे लिहायला माणूस नाही. बातमीची भूक तर असतेच, ती मग वॉशिंग्टनच्या भांडणाने भागते. संशोधनात दिसलंय की जिथे वर्तमानपत्र बंद पडतं तिथे लोक राष्ट्राध्यक्षाला एका पक्षाचं आणि सिनेटरला दुसऱ्या पक्षाचं असं मत देणं कमी करतात, कारण स्थानिक उमेदवार कसा आहे हे सांगणारं कोणी नाही, फक्त पक्षाचं नाव माहीत.

उलटा प्रयोगही झालाय. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्सच्या डेझर्ट सन या पत्राने महिनाभर मतांच्या पानावर राष्ट्रीय राजकारण छापायचंच नाही असं ठरवलं. आधीच्या महिन्यात त्या पानावरच्या साधारण एक तृतीयांश मजकुरात ट्रम्प यांचं नाव होतं, जुलैत शून्य. त्याऐवजी रहदारी, जुन्या इमारतींचं जतन, पर्यावरण यावर गावातलेच लोक लिहायला लागले. संशोधकांनी दुसऱ्या एका शहराशी तुलना केली तर दोन पक्षांच्या लोकांमधली कटुता पाम स्प्रिंग्समध्ये कमी वेगाने वाढली होती. कटुता गेली नाही, वाढ मंदावली, तीही एका महिन्यात. मात्र त्यासाठी रोज स्थानिक लेख मागवणारा, पत्रं वाचणारा, गाव ओळखणारा संपादक पगारावर ठेवावा लागतो, आणि खर्च कापायची वेळ आली की बऱ्याच पत्रांत मतांच्या पानाचा संपादकच आधी कमी होतो.